आधी म्हातारी पाण्यात

ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हा एसेनकुल आगायच्या तोंडात जे काही उरलं त्यात एक 'नको' होतं, एक ते दहा आकडे होते आणि शिव्या होत्या. शिव्या मात्र झाडून सगळ्या शाबूत होत्या. डॉक्टरीणबाईंनी बुरुलला समजावलं की असं होतं, बोलायचे शब्द डोक्यातल्या एका खोलीत असतात आणि शिव्या नि आकडे दुसरीत. "म्हणजे चोराने नेमकी चांगली खोली साफ केली," बुरुल म्हणाली, आणि मग दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडली.

बुरुल ही आगायची एकुलती एक मुलगी, वय त्रेचाळीस. मोठ्या तळ्याकाठच्या बालिकची गावातल्या त्याच दवाखान्यात दातांच्या कवळ्या बनवते. लग्न करून बिश्केकला गेली होती, आठ वर्षांनी परत आली. का आली, ते गावाने विचारलं नाही असं नाही, पण तिने कोणाला ताकास तूर लागू दिला नाही. आई गेल्यावर घरात बाप आणि लेक, आणि दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलणारी. आता त्यातल्या एकाचं तेवढंही बंद झालं.

आगाय म्हणजे मास्तर. गावात मास्तर पुष्कळ, पण नुसतं 'आगाय' म्हटलं की ते एसेनकुलच. बंदराशेजारच्या तंत्रघरात, म्हणजे यंत्रकामाच्या छंदवर्गात, त्यांनी एकतीस वर्षं मुलांना होड्या करायला शिकवल्या. हातभर लांबीच्या, विजेच्या मोटारीवर पळणाऱ्या, काठावर उभं राहून रेडिओच्या डब्याने चालवायच्या होड्या. तंत्रघर केव्हाच बंद पडलं, तिथे आता टायरांचं गोदाम आहे. पण मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आगायचे जुने विद्यार्थी, म्हणजे पन्नाशीला आलेले टकले बाप्ये आणि जाडजूड बाया, आपापल्या होड्या काखेत मारून धक्क्यावर जमतातच. त्याला ते पाणी उघडणं म्हणतात. पाणी आगायनी उघडायचं, त्यांची होडी फिरून आली की मग बाकीच्यांच्या.

वर्गाचे नियम दोनच होते, आणि आगायपुढे नियमांना बगल देण्याची कोणाची टाप नव्हती.

पहिला नियम म्हातारीचा. म्हातारी म्हणजे आगायनी स्वतः बांधलेली टगबोट. काळी, पोटाळी, चालीला मंद, आणि पुढे रबर गुंडाळलेले दोन हात. कोणा पोराची होडी मध्येच बंद पडली की म्हातारी धापा टाकत जायची, तिला दोन हातांत धरायची आणि ढकलत ढकलत घरी आणायची. "आधी म्हातारी पाण्यात, मग तुम्ही नाचा," असं आगाय म्हणायचे.

दुसरा नियम अंगठ्याचा. पोराने पहिली शिकार आणली की घरातला वडीलधारा त्याच्या अंगठ्याला दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटाच्या मेंढ्याच्या, शेपटाची चरबी चोळतो, हात सुटू दे म्हणून. ही रीत आगायनी शिकारीवरून उचलून होड्यांना लावली. ज्याने आपली होडी पहिल्यांदा स्वतः फिरवून स्वतः काठाला आणली, त्याच्या अंगठ्याला सगळ्यांदेखत चरबी. ज्याची म्हातारीने आणली, त्याने पुन्हा यावं. वशिला चालायचा नाही.

बुरुल अकरा वर्षांची असताना तिची होडी म्हातारीनेच आणली होती. तिला वाटलं, आपलेच तर आके, आपले वडील आहेत, आणि तिने अंगठा पुढे केला. आके तिच्या अंगठ्याकडे बघून पुढच्या पोराकडे वळले. पोरं हसली. बुरुल त्यानंतर वर्गाची पायरी चढली नाही. या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली होती आणि दोघांपैकी कोणीही एकदाही तो विषय काढला नव्हता.

आता आगायची उजवी बाजू लुळी होती. डाव्या हातात काठी धरून ते खाटेपासून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत जात आणि दिवसभर बंदराकडे बघत बसत. फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कोणी विद्यार्थी भेटायला आला की भिंतीकडे तोंड फिरवत. दवाखान्याने चाकांची खुर्ची दिली होती. तिला पहिल्या दिवशी त्यांनी ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून ती आणणारा माणूस पावतीवर सही न घेताच पळाला. खुर्ची कोपऱ्यात घडी घालून उभी राहिली.

"हातापायांचं मी बघते," डॉक्टरीणबाई मार्चमध्ये म्हणाल्या होत्या. "पण बुरुल, त्यांना काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे गं. उन्हाळ्यापर्यंत वाटलं नाही तर ते त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. माझ्या औषधात ते नाही."

आगायना काहीच नको होतं. चहा नको, माणसं नकोत. एक तेवढं होतं की दर रविवारी सकाळी ते खिडकीजवळच्या फळीवर बसलेल्या म्हातारीच्या अंगावर काठीने ठकठक करत, बुरुल येऊन तिची बॅटरी चार्जिंगला लावेपर्यंत करत. बुरुल लावायची. म्हाताऱ्या माणसाची खोड, दुसरं काय, असं तिला वाटायचं.

त्याच मार्चमध्ये तिने पाकोळी त्यांच्या मांडीवर आणून ठेवली. पाकोळी ही आगायची शर्यतीची होडी, लांब नाकाची, लाल पोटाची. आगायनी डाव्या हाताने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग मांडीवर मेल्या मासळीसारख्या पडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. "नको," ते म्हणाले, आणि पुढे तीन शिव्या. त्या शिव्या होडीला नव्हत्या, हाताला होत्या, हे बुरुलला कळलं. वेग एका हाताने द्यायचा, सुकाणू दुसऱ्या हाताने फिरवायचं, आणि दुसरा हात तर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारात तिमोफेयच्या टपरीवर गेली. तिमोफेय आगायचा जुना विद्यार्थी, बुरुल त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणायची. मोबाइल आणि रेडिओ दुरुस्त करायचा, आणि बोलण्यात कोणाला हार जायचा नाही.

"या या, कवळीवाल्या बाई! माझे दात अजून आहेत, पुढच्या वर्षी या."

"दात राहू देत, बाइके. एका हाताने होडी चालवता येईल असा डबा आहे का?"

तिमोफेयच्या तोंडातली थट्टा एकदम विरली. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "आगाय हो म्हणाले?"

"त्यांना सांगितलंच नाही. मी तयार करून ठेवणार. पाणी उघडायच्या दिवशी हातात देणार. तेव्हा सगळे समोर असतील, नको कसं म्हणतील?"

"ते? ते तर राष्ट्रपतीलाही नको म्हणतील." पण तो मागे वळून खोकी उपसायला लागलाच. "हे बघ. विमानं उडवणाऱ्यांचा डबा. यात डाव्या दांडीवरच सगळं असतं. पुढे ढकललीस की वेग, आडवी हलवलीस की सुकाणू. उजव्या हाताने खुशाल नाक खाजवावं."

"आणि मोटार? जुनी घरघर करते."

"जुनी मोटार संग्रहालयाला दे. ही घे, बिनब्रशची. पण ही तापते हं, पोरी. हिच्याभोवती पाण्याचं कडं बसवायचं, कंट्रोलरलाही. पंख्यामागचं पाणी नळीने आत, कडी थंड करून कुशीतल्या भोकातून बाहेर. आणि होडी पाण्यात सोडली की आधी काय बघायचं?"

"शू होतेय का," बुरुल म्हणाली. वर्गातलं कुठलंच पोर हे विसरलं नव्हतं. कुशीतून पाण्याची बारीक धार उडत असेल तर होडी निरोगी.

"शाब्बास. आणि हे निळं ग्रीस. मोटारीपासून पंख्यापर्यंत नळीतून जातो त्या दांड्याला. प्रत्येक फेरीनंतर दांडा उपसायचा, पुसायचा, पुन्हा लावायचं. आळस केलास तर मी आगायना नाव सांगेन."

मग दीड महिना बुरुलने जेवणाच्या सुट्टीत जेवण सोडून बाकी सगळं केलं. कवळ्या घासायच्या रबरी चाकावर तिने पाकोळीचा पितळी पंखा घासला, कडा पात्यासारख्या केल्या, मग दोन ब्लेडच्या धारांवर आडवा ठेवून बघितला, आणि जी बाजू खाली जाईल तिचं कणभर पितळ काढत राहिली, शेवटी तो कुठल्याच बाजूला झुकेना. सुकाणूच्या सळीजवळून पाणी आत जाऊ नये म्हणून फुग्याचं तोंड कापून तिथे चढवलं. नाकात आणि बाजूंना थर्माकोल ठासला, उलटली तरी बुडू नये म्हणून. मोटार बसवताना ती आणि दांडा एका रेषेत येईनात. ती तीन दिवस कागदाच्या पट्ट्या घालत आणि काढत बसली. दातांच्या कामाने तिची बोटं तयार होती. माणसाच्या तोंडात अर्ध्या केसाचा फरक खपत नाही, इथेही नव्हता. काम करता करता तिला एक नवलाची गोष्ट कळली, की आपण रागावलेले नाही. इतकी वर्षं ती समजत होती की होड्यांवर आपला राग आहे.

आणि इथेच ती चुकली. चूक प्रेमापोटी झाली, म्हणून जास्तच पक्की झाली.

आगायची वर्गातली वही तिला कपाटात सापडली होती. चौदाव्या पानावर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं: 'दांड्याला. दुंब्याची चरबी दोन भाग, मेण एक भाग. पातळ करून भरणे.' त्या काळी दुकानात ग्रीस मिळायचं नाही, दुंबे मात्र गल्लोगल्ली. बुरुलने ते पान वाचलं आणि निळ्या ग्रीसची ट्यूब ड्रॉवरमध्ये टाकून दिली. आकेच्या होडीत आकेच्याच वहीतली चरबी जाणार, असं तिने ठरवलं. बाजारातून शेपटाची चरबी आणली आणि घरी मंद आचेवर कढवली. वास सगळ्या घरात भरला. खिडकीतले आगाय नाक फुलवून स्वयंपाकघराकडे बघायला लागले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी बंदर सोडून कशाकडे तरी बघितलं होतं.

"पलाव करतेय, आके," बुरुलने थाप मारली. मग तो करावा लागला. आगायनी दोनदा घेतला.

जुनी मोटार मिनिटाला जेवढी फिरे त्याच्या कित्येक पट नवी फिरते, हे बुरुलला ठाऊक होतं. त्याचा चरबीशी काय संबंध, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

पाणी उघडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जेवणानंतर आगाय खाटेवर आडवे झाले. तिमोफेय टपरीचं काम बाजूला ठेवून मीठ लावलेले मासे पोचवायला बिश्केकला गेला होता, संध्याकाळी यायचा होता. पाकोळीला अजून पाणी लागलं नव्हतं. उद्या सगळ्यांसमोर हातात देणार आणि ती जागची हललीच नाही तर? बुरुलने पाकोळी शालीत गुंडाळली आणि हळूच फाटकाबाहेर पडली. म्हातारी आगायच्या खोलीत फळीवर होती. ती उचलायला गेली असती तर ते जागे झाले असते. आजच्या दिवस म्हातारीवाचून चालेल, बुरुलने मनाशी म्हटलं. एकतीस वर्षांत असं म्हणणारं प्रत्येक पोर पुढे रडलं होतं.

धक्का घरापासून चाळीस पावलं. गंजक्या क्रेनखाली कालीपा एजे धुरात सुकवलेले मासे मांडून बसली होती. ती बुरुलपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून एजे म्हणजे ताई, आणि आगायच्या वर्गातली.

"अगं, शालीत कोणाला पळवून नेतेस?"

"बाळाला, एजे."

"वाऱ्याचं बघ हं. उलान उठणारसं दिसतंय."

बुरुलने घाटीकडे नजर टाकली. थोडी धूळ दिसत होती. दोन फेऱ्या तर मारायच्या, असं म्हणून तिने झाकणाच्या कडेने चिकटपट्टी दाबून बसवली आणि पाकोळी पाण्यावर ठेवली. मग उजवा हात मुद्दाम खिशात घातला आणि डाव्या अंगठ्याने दांडी पुढे ढकलली.

पाकोळी सुटली. सुटली म्हणजे काय, पाण्याला टेकणंच तिने सोडून दिलं. लाल पोट दिसायचं, मागे पांढरा फवारा उठायचा आणि कुशीतून सुरेख बारीक धार. बुरुल एकटीच मोठ्याने हसली. "शू होतेय, एजे! बघा, शू होतेय!" आणि एका हाताने, एका डाव्या हाताने, वळतही होती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. आता परत आणावी, असा विचार तिच्या मनात आला होता, हे तिने पुढे शपथेवर सांगितलं. पण तिने तिसरी घेतली.

तिसऱ्या फेरीत आवाज बदलला. आधी बारीक किंचाळी, मग खरखर. दांड्यावरची चरबी वेगाने तापून वितळली होती आणि मागच्या मागे उडून गेली होती. जी नळीच्या तोंडाशी राहिली ती तळ्याच्या थंडगार पाण्याने मेणबत्तीसारखी घट्ट झाली. कोरडा दांडा नळीत करकचून बसला, मोटार अडली, कंट्रोलर तापला आणि त्याने हात वर केले. पाकोळी बंदराच्या लाटा अडवणाऱ्या लाटभिंतीच्या तोंडाशी जाऊन बंद पडली. तेव्हाच उलान आला.

उलान पश्चिमेच्या घाटीतून येतो आणि जे सुटं असेल ते तळ्यात नेतो. टोप्या नेतो, धुणं नेतो. पाकोळी हळूहळू आडवी झाली आणि भिंतीच्या तोंडातून बाहेर सरकायला लागली. तिथून पुढे पार तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या कराकोलपर्यंत पाणीच पाणी.

बुरुल दांडी ढकलत राहिली. काही होईना. ती पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. पाणी हाडांना चावत होतं आणि तिला धड पोहता येत नव्हतं.

"बाहेर ये, वेडे!" कालीपा एजे ओरडली. "होडीसाठी जीव देतेस का?"

होडीसाठी नव्हतं ते. उद्या काय ठेवायचं त्यांच्या हातात, एवढंच बुरुलच्या डोक्यात फिरत होतं. हीच एक गोष्ट होती, आणि ती मीच घालवली.

तेवढ्यात मागून लोखंडाचा खडखडाट आला आणि पाठोपाठ एक दणदणीत शिवी.

बुरुल वळली. चाळीस पावलांच्या उतारावरून चाकांची खुर्ची येत होती. खुर्चीत म्हातारी बसली होती, काळी, पोटाळी, ऐटीत. मागे आगाय, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला जुना लोखंडी डबा, पायात एकच जोडा. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. एका हाताने ढकलल्यामुळे खुर्ची सारखी एका बाजूला जायची, ते थांबायचे, तिला शिवी देऊन सरळ करायचे, लुळा पाय ओढून पुढे घ्यायचे. सगळा रस्ता बघत होता. ज्या माणसाने सात महिने कोणी आलं की भिंतीकडे तोंड केलं होतं, त्याचं आज कोणाकडे लक्ष नव्हतं.

"आके!" बुरुल पाण्यातून धावली.

आगायनी डावा हात उगारण्यासारखा करून खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. "म्," ते म्हणाले. "म्हा..." आणि मग रागाने, एका झटक्यात, "म्हातारी!"

सात महिन्यांत ऐकलेला पहिला नवा शब्द. पण तेव्हा थांबायला वेळ नव्हता. बुरुलने म्हातारी उचलून पाण्यात ठेवली. आगायनी दातांनी एरियल ओढून लांब केली. डब्यावर दोन दांड्या, डावी वेगाची, उजवी सुकाणूची. बुरुलचा हात आपसूक डाव्या दांडीकडे गेला. फट्कन त्या हातावर चापट बसली.

त्यांनी डाव्या हाताने वेगाची दांडी अर्ध्यावर ढकलली. जुन्या डब्याची दांडी जिथे ठेवाल तिथे राहते. मग तोच हात उचलून उजव्या दांडीवर नेला. म्हातारी निघाली. पाकोळीला दोन्ही हात एकाच वेळी लागत. म्हातारीला घाई नव्हती. आधी एक काम, मग दुसरं, एवढी सवड ती देत होती, आणि बंद पडलेल्या सगळ्या होड्या आजवर तिने अशाच आणल्या होत्या.

पण बाहेर लाट होती. भिंतीच्या तोंडाशी म्हातारी एकदा नाकापर्यंत बुडाली आणि पुन्हा वर आली. आगायचा हात एका दांडीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर उड्या मारत होता, आणि प्रत्येक उडीला अर्धा क्षण उशीर होत होता. रबरी हात पाकोळीजवळ पोचले आणि निसटले. पाकोळी आणखी दहा हात पुढे गेली. आगायच्या कपाळावर घाम आला. बुरुलला तो उशीर दिसत होता. एक दांडी मी धरली तर आत्ता होईल, एका मिनिटात होईल. तिने दोन्ही हात ओल्या कोटाच्या खिशात कोंबले आणि मुठी आवळल्या. त्या दिवशी तिने केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

"एक," आगाय पुटपुटले. हात डावीकडे. "दोन." हात उजवीकडे. आकडे त्यांच्याजवळ होतेच. "एक. दोन." उशीर कमी झाला. म्हातारी वळसा घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पाकोळीच्या पलीकडून आली. "एक. दोन. एक." रबरी हातांनी लाल पोट मिठीत घेतलं.

"धरली!" क्रेनखालून कालीपा एजे किंचाळली. "आगाय! तुमची म्हातारी अजून जिवंत आहे की हो!"

आगायनी तिच्याकडे न बघता एक शिवी फेकली. कालीपा एजे खूश झाली आणि डोळे पुसायला लागली.

येताना वारा समोरून होता. म्हातारी एवढी सावकाश येत होती की कधी कधी जागच्या जागी आहे असं वाटे. बॅटरी पुरेल का? बुरुलला एकाएकी सगळे रविवार आठवले, काठीची ती ठकठक. खोड नव्हती ती. त्यांना म्हातारी तयार हवी होती. सात महिने त्यांना एक गोष्ट हवीच होती आणि ती दर रविवारी, कुरकुरत का होईना, तिने दिली होती.

पाऊण तासाने पाकोळीचं नाक वाळूला टेकलं. आगाय एवढा वेळ चांगल्या पायावर भार देऊन उभे होते. मागे न बघता त्यांनी अंग टाकलं ते थेट चाकांच्या खुर्चीत. आपण कशात बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि बुरुलने लक्षात आणून दिलं नाही.

त्यांनी होडी मागितली, बोटाने. मांडीवर उलटी घेतली, पंखा धरून हलवला, नळीच्या तोंडाशी जमलेला पांढरा गोळा चिमटीत घेतला आणि नाकाशी नेला. मग सावकाश मान वर करून लेकीकडे बघितलं. त्या नजरेत शिव्यांची अख्खी खोली होती.

"माझ्याकडे काय बघता?" बुरुलचे दात थंडीने वाजत होते. "तुमच्याच वहीत आहे! पान चौदा! दोन भाग चरबी, एक भाग मेण! मी तुमच्यासाठी... तो तिमोफेय निळं ग्रीस देत होता, मी म्हटलं, आकेच्या होडीत..."

आगायच्या तोंडाचा अर्धा भाग हसायला लागला. अर्धाच हलत होता, पण हसू पुरं होतं. हसता हसता त्यांना ठसका लागला. बुरुलही रडत होती की हसत होती, तिला समजेना.

मग ती त्यांच्यापुढे ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसली. नळीच्या तोंडाची उरलेली चरबी तिने बोटावर घेतली आणि त्यांचा डावा हात ओढून अंगठा पुढे धरला. त्यांनी हात मागे घ्यायला बघितलं.

"गप्प बसा. नियम आहे," ती म्हणाली. "होडी स्वतः फिरवली, स्वतः काठाला आणली. या हाताने पहिल्यांदाच आणली. उजव्याचं मला सांगू नका, तो हात वेगळा होता." आणि तिने त्या अंगठ्याला चरबी चोळली, नखापासून मुळापर्यंत, सावकाश. "हात सुटू दे, आके."

आगाय अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायचा हात लेकीच्या हातात होता.

बुरुलला काय वाटलं कोण जाणे. तिने आपलाही अंगठा पुढे केला. थट्टेनेच केला, निदान तिने चेहरा तसा ठेवला होता. "आणि माझ्या?"

आगायनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग वाळूवर पाकोळीला अजून मिठीत धरून पडलेल्या म्हातारीकडे पाहिलं. आणि मान हलवली. नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी ते इथेच वळून निघून गेले होते. आज गेले नाहीत. चरबीच्या हाताने त्यांनी तिचा अंगठा धरून ठेवला, आणि त्यांचे ओठ काहीतरी शोधायला लागले. चोराने साफ केलेल्या खोलीत ते शोधत होते. "उ," ते म्हणाले. बुरुल थांबली. शब्द सुचवायचा मोह तिने गिळला. "उद्," आणि कपाळाची शीर ताठ झाली. "उद्या."

बुरुलने अंगठा मुठीत मिटून घेतला. घरी ड्रॉवरमध्ये निळं ग्रीस होतं, तिमोफेय संध्याकाळपर्यंत परत येणार होता. बत्तीस वर्षं थांबलेल्या माणसाला उद्यापर्यंत थांबणं काहीच जड नव्हतं.